घोरावडेश्वराचें लेणें : त्याची रचना, लेख व स्थित्यंतरें

(१) विषयप्रवेश

मराठींत ‘लेणें’ ह्या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ अंगावर घालावयाचा दागिना. दुसऱ्याचा अर्थ डोंगरांत कोरून काढलेली गुहा. पहिला शब्द ‘लेणें’ म्हणजे अलंकार धारण करणें ह्या मराठी क्रियापदावरून झालेला आहे. दुसरा संस्कृत ‘लयन’ व प्राकृत ‘लेण’ ह्या मार्गानें आपल्यापर्यंत आला. म्हणजे उच्चार एक असला तरी कुळें भिन्न आहेत. परंतु वेरूळ व अजिंठा येथील वैभव डोळ्यांत भरल्यामुळें दोहोंची गल्लत झाली, आणि लेणें म्हणजे डोंगराचा अलंकार असाच समज सुशिक्षितांतही रूढ झाला. ह्या समजाचा परिणाम असा कीं, ज्या लेण्यांत मूर्ति नाहींत, नक्षी नाहीं, रंगकाम नाहीं, तें पाहण्यासारखें नाहीं असें ठरून जातें.

प्रस्तुत लेखाचा विषय असेंच एक बिन-नक्षीचें लेणें आहे. शेलारवाडीच्या डोंगरावरील घोरावडेश्वराचें हें स्थान पिंपरी-चिंचवडच्या अगदीं दारांत असून त्याचा इतिहास सुमारें अठराशें वर्षांचा आहे. ह्या स्थानाची रचना कशी आहे, तेथील लेख काय सांगतात, आणि एकाच गुहेंत उपासनेचे थर एकावर एक कसे बसले, हें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. अशीं स्थानें आज कोणत्या कारणांनीं संकटांत येतात हेंही शेवटीं सांगूं.

(२) कृत्रिम गुहा : दोन हेतु

मनुष्यानें मुद्दाम गुहा तयार करण्याची हौस सर्व देशांत आढळते. पण हेतु निरनिराळे असतात. युरोपांत सोळाव्या शतकापासून श्रीमंतांच्या बागांत शोभेच्या गुहा बांधण्याची पद्धति पडली. इटलींतील फ्लॉरेन्स नगरीच्या बोबोली उद्यानांत इ. स. १५८३ ते १५९३ ह्या काळांत बुओन्तालेंती ह्या शिल्पज्ञानें पुरी केलेली गुहा प्रसिद्धच आहे. शिंपले, चुन्याचे लोंबते खडे, रंगविलेलीं चित्रें व पुतळे ह्यांच्या योगानें तेथें निसर्गाचा आभास उत्पन्न केला आहे. इंग्लंडांत पोप ह्या कवीनें ट्विकनहॅम येथें आपल्या घराच्या तळघरांतून बागेंत जाण्याच्या वाटेवर अशीच गुहा सजविली होती. ह्या गुहा दगड रचून बांधलेल्या असतात, आणि त्यांचें प्रयोजन विसावा, गारवा व करमणूक एवढेंच असतें.

आपल्याकडील लेण्याचा मार्ग ह्याच्या बरोबर उलट आहे. येथें कांहीं रचावयाचें नसून केवळ काढून टाकावयाचें असतें. तेथें गुहेचा आभास, येथें घराचा. कारण लाकडी घर, लाकडी सभामंडप ह्यांचें रूप खडकांत उतरविणें हा आमच्या जुन्या पाथरवटांचा मुख्य उद्योग होता. प्रयोजनही भिन्न होतें : वर्षाकालीं भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें हा नियम, आणि त्या राहण्यास न गळणारें, न जळणारें, वाळवी न लागणारें घर हवें ही गरज.

तथापि काळाची गंमत अशी कीं, आज घोरावडेश्वराचा डोंगर नगरवासीयांच्या विश्रांतीचें स्थान होऊन बसला आहे. इ. स. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला; इ. स. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, इ. स. १९७० मध्यें पिंपरी-चिंचवड नगरपालिका व इ. स. १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. पुढें चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. ह्या वस्तींतील लोक सुटीच्या दिवशीं पहांटे ह्या डोंगरावर चढतात ते थोडे दर्शनासाठीं, थोडे व्यायामासाठीं. भिक्षूंचें वर्षावासस्थान अशा रीतीनें नगराच्या उपवनांतील गुहेसारखें झालें आहे. येणाऱ्यांची संख्या वाढली ही आनंदाचीच गोष्ट. परंतु ते काय पाहत आहेत हें त्यांस सांगणारें कोणी असलें पाहिजे.

(३) स्थान

जुन्या पुणें-मुंबई हमरस्त्यानें देहूरोड सोडून तळेगांव दाभाड्याकडे निघालें म्हणजे शेलारवाडीजवळ हा डोंगर रस्त्याच्या कडेसच लागतो. बेगडेवाडी व घोरावाडी हीं लोहमार्गाचीं स्थानकें जवळ आहेत. नांवाचीं रूपें अनेक आहेत : घोरावडेश्वर, घोरवडेश्वर, घोराडेश्वर. इ. स. १८८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत ‘गारोडी’ असें रूप आहे, आणि शिलालेखांच्या यादींत ‘शेलारवाडी’ ह्या गांवाच्या नांवानें नोंद आहे. जुने ग्रंथ चाळणारांनीं हीं सर्व रूपें लक्षांत ठेवावींत. एरवीं एकाच स्थानाचीं तीन स्थानें होतात.

डोंगराची जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. उत्तरेस इंद्रायणी व दक्षिणेस पवना ह्या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधील हा उंचवटा आहे. पश्चिमेस वर गेलें कीं बेडसें, भाजें व कार्लें हीं प्रख्यात लेणीं लागतात, आणि त्यांच्या पलीकडे बोरघाटानें कोंकणांत उतार मिळतो. घांटमाथ्यावरून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गावर जीं विहारांची माळ होती तिच्यांतील, पूर्वेकडे मैदानांत उतरतांना लागणारा, हा एक मणि होय. भिक्षूंस गांव फार जवळ नको व फार दूरही नको. भिक्षेस जाऊन परत येतां आलें पाहिजे, पण गलबला ऐकूं येतां कामा नये. ही अट येथें बरोबर साधलेली आहे.

(४) रचना

डोंगराच्या कड्यांत निरनिराळ्या उंचीवर कांहीं लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांत राहण्याच्या कोठड्या, बसण्या-निजण्याचे ओटे, पाण्याचीं टांकीं व एक चैत्यगृह अशी नेहमींची मांडणी आहे. खडक आपल्या सह्याद्रीचा काळा थरांचा दगड. अशा दगडांत काम करतांना पाथरवट प्रथम छताची पातळी ठरवून वरून खालीं उतरत येत असे; त्यामुळें पाडाची गरज राहत नसे, आणि शेवटीं जमीन साफ केली कीं काम संपत असे. ठिकठिकाणच्या अर्धवट टाकलेल्या लेण्यांत छत तयार व जमीन खडबडीत असें जें दिसतें त्याचें कारण हेंच.

येथील मुख्य लेणें म्हणजे चैत्यगृह. ह्याचें छत सपाट आहे व दोन्ही बाजूंस कोठड्या आहेत. ज्यांनीं कार्ल्याचें चैत्यगृह पाहिलें आहे त्यांस ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटेल. कार्ल्यास सुमारें १२४ फूट लांबीचें दालन, दोन्ही अंगांस खांबांच्या ओळी, मागें अर्धवर्तुळ, वर कमानदार छत आणि त्या छतास खऱ्या लाकडाच्या फासळ्या. येथें त्यांतील कांहींच नाहीं. पण हें दारिद्र्य नव्हे. हा एक स्वतंत्र प्रकार आहे. कुडें, महाड व कऱ्हाड येथेंही सपाट छताचीं चैत्यगृहें आहेत. कमानदार छतास उंची लागते, आणि उंची म्हणजे अधिक खडक फोडणें. सपाट छताचें दालन लहान असल्यानें खांबांवांचून भागतें. शिवाय उपासनेची जागा व राहण्याची जागा एकाच दालनांत सामावतात. जेथें भिक्षुसंघ लहान व दाते सामान्य गृहस्थ, तेथें हाच प्रकार योग्य.

ह्या दालनाच्या आंतल्या भागीं मूळ स्तूप होता. तेथें आज स्तूप नाहीं, शिवलिंग आहे. मग तेथें स्तूप होता हें कशावरून? ह्याचें उत्तर जमिनीकडे नव्हे तर छताकडे पाहिल्यानें मिळतें. स्तूपाचे भाग चार : खालीं मेधि म्हणजे जोतें, त्यावर अंड म्हणजे घुमट, त्यावर हर्मिका म्हणजे चौकोनी माथा, आणि सर्वांवर छत्र. सपाट छताच्या चैत्यगृहांत स्तूप व छत हीं एकाच अखंड खडकांतून निघालेलीं असल्यामुळें स्तूपाचा माथा छतास चिकटलेलाच राहत असे. घोरावडेश्वरास खालचा घुमट फोडून काढला, पण वरचा माथ्याचा भाग छतासच लोंबत राहिला. हा अवशेष पाहणाऱ्यास निरर्थक दगड वाटतो. पण जाणत्यास तो एखाद्या दस्तऐवजावरील मोहरेच्या तुकड्यासारखा आहे. मजकूर फाटला तरी मोहरेच्या कडेवरून दस्त कोणाचा होता हें कळतें, तसेंच हें.

(५) शिलालेख : शेतकऱ्याच्या घरांतील दान

येथील ब्राह्मी लेखांत दोन विशेष महत्त्वाचे आहेत. अक्षरांच्या वळणावरून ते इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या दरम्यानचे धरतात. भाषा पश्चिमेकडील लेण्यांत सर्वत्र आढळणारी प्राकृत. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं इ. स. १८८१ मध्यें पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांच्या लेखांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यांत शेलारवाडीचा समावेश आहे, आणि ल्यूडर्सच्या यादींत पहिल्या लेखाचा क्रमांक ११२१ आहे.

पहिल्या लेखाचा आशय असा : धेनुकाकट येथें राहणारा हालकिय कुडुबिक उसभणक, त्याची कुडुबिनी सिअगुटणिका, हिनें आपला पुत्र नंद गहपति ह्यासह हें लेण दान दिलें. एवढ्या लहानशा लेखांत आमच्या समाजेतिहासाचें केवढें द्रव्य आहे तें पाहावें.

‘कुडुबिक’ म्हणजे संस्कृत ‘कुटुम्बिक’. ‘कुटुम्बिन्’ शब्दावरूनच आपला ‘कुणबी’ शब्द आला. ‘हालकिय’ शब्दांत ‘हल’ म्हणजे नांगर दिसतो. म्हणून उसभणक हा नांगरधारी शेतकरी असा अर्थ घेतां येतो. ‘उसभ’ म्हणजे ऋषभ, बैल. नांव देखील शेतीस शोभणारेंच आहे. ‘गहपति’ म्हणजे गृहपति. बाप ‘कुडुबिक’ व मुलगा ‘गहपति’ असे दोन भिन्न शब्द एकाच लेखांत एकाच घराविषयीं वापरले आहेत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. गहपति शब्दास प्रतिष्ठेची छटा असते.

आतां मुख्य प्रश्न : दान कोणाचें? कांहीं लेखक घाईनें ‘शेतकरी उसभणक ह्याचें दान’ असें लिहून जातात. व्याकरण तसें म्हणत नाहीं. उसभणकाचें नांव केवळ पत्नीची ओळख पटविण्यासाठीं षष्ठींत आलें आहे. दान सिअगुटणिकेचें आहे. मुलाचें नांव ‘सह’ शब्दाच्या योगानें तृतीयेंत आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायींतील दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांतील १९ वें सूत्र असें सांगतें कीं, ‘सह’ ह्या अर्थाच्या शब्दाशीं योग असतां जो गौण असतो त्यास तृतीया होते. प्राकृतांतही तीच रीत चालते. म्हणून मुलगा गौण, आई प्रधान. एका कुणबिणीनें डोंगरांत लेणें कोरविलें व त्यावर आपलें नांव घातलें, ही गोष्ट विभक्तीच्या बळावर निर्विवाद ठरते. हातीं लागलेल्या लेखाचें केवळ भाषांतर वाचून भागत नाहीं, मूळ पाहावें लागतें, तें ह्याचसाठीं.

दुसरा लेख चैत्यगृहाच्या दानाचा आहे. त्यांत थेर भदन्त सिह म्हणजे सिंह ह्यांची अंतेवासिनी, प्रव्रजिता घपरा, हिचा उल्लेख आहे, आणि चेतियघर म्हणजे चैत्यगृह हें बुधा व सघा ह्या दोघींचें देयधर्म असल्याचें म्हटलें आहे. नांवें उघडच बुद्ध व संघ ह्यांवरून ठेवलेलीं. म्हणजे ह्या डोंगरावरील दोन्ही मुख्य दानें स्त्रियांचीं ठरतात. एक संसारी, दुसऱ्या संघाच्या छायेंतील. मोठमोठ्या राजांच्या दानपत्रांची छाननी करतांना ह्या साध्या नांवांकडे आपलें दुर्लक्ष होऊं नये.

अक्षरें वाचणारांसाठीं येथें एक इशारा आवश्यक आहे. ब्राह्मींत अनुस्वार हा केवळ टिंब असतो. आमच्या काळ्या दगडांत जागोजाग लहान पोकळ्या असतात. त्यांतील स्फटिक गळून पडला कीं उरलेली खांच हुबेहूब टिंबासारखी दिसते. उलट खरा अनुस्वार झिजून नाहींसा होतो. ‘सघा’ कीं ‘संघा’, ‘नद’ कीं ‘नंद’, अशा वाचनभेदांचें मूळ पुष्कळदां येथें असतें. अशा ठिकाणीं केवळ एका बाजूनें घेतलेल्या छायाचित्रावर विसंबूं नये. तिरपा प्रकाश निरनिराळ्या दिशांनीं टाकून पाहिल्यास छिन्नीची खांच व खडकाची खांच ह्यांतील फरक कळतो : छिन्नीच्या खांचेचा तळ सरळ उतरता असतो, खडकाच्या पोकळीचा तळ गोल असतो.

(६) धेनुकाकट

सिअगुटणिकेचें गांव धेनुकाकट. हें नांव कार्ल्याच्या लेखांत वारंवार येतें. तेथें ह्या गांवचा सिहदत नांवाचा गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. सामि नांवाचा वढकि म्हणजे सुतार आहे. वाणियगाम म्हणजे व्यापाऱ्यांचा समूह आहे. आणि अनेक यवन आहेत, ज्यांनीं चैत्यगृहांतील एकेक खांब दिला. ह्या यादींत शेलारवाडीचें कुणब्याचें घर मिळविलें म्हणजे एका प्राचीन नगराचें समग्र चित्र उभें राहतें : सुतार, गंधी, वाणी, परदेशी व शेतकरी.

हें गांव कोणतें, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पूर्वीं कित्येकांनीं त्याची सांगड आंध्रांतील अमरावतीजवळच्या धान्यकटकाशीं, म्हणजे धरणीकोटाशीं घातली. इ. स. १९५५ मध्यें दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनीं ह्या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहून कार्ल्याजवळचें देवघर हें गांव पुढें केलें. आमच्या मतें शेलारवाडीचा लेख ह्या वादांत जवळच्या पक्षास बळ देतो. व्यापारी व यवन दूरवरून येऊन दान देऊं शकतात. त्यांचा व्यवसायच प्रवासाचा. परंतु नांगर धरणाऱ्याची बायको मुलास बरोबर घेऊन कृष्णेच्या मुखाकडून पवनेच्या खोऱ्यांत लेणें कोरावयास येईल, हें संभवनीय दिसत नाहीं. तिचें शेत ह्याच मावळांत कोठें तरी असलें पाहिजे. देवघरच कीं दुसरें एखादें गांव, हा पुढचा प्रश्न. पण शोध ह्याच खोऱ्यांत करणें युक्त होय.

(७) स्तूपाचें लिंग व शके १३६१

भिक्षु गेले, विहार ओस पडले. त्यानंतर केव्हां तरी चैत्यगृहांतील घुमट काढून तेथें लिंग बसविलें गेलें. ह्या फेरबदलावर दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, हा बळजबरीचा विध्वंस. दुसरें म्हणतें, येथें प्रथमपासून शिवालयच होतें आणि पांडवांनीं तें एका रात्रींत कोरलें. दुसरें मत छतावरील अवशेष व चेतियघर हा शब्द ह्या दोन साक्षींनीं तत्काळ बाद होतें. पहिल्यासही आधार पाहिजे. कारण ओसाड जागा पुन्हा उपयोगांत आणणें व नांदती जागा हिसकावणें ह्या भिन्न गोष्टी आहेत. जुन्नरजवळ लेण्याद्रीस भिक्षूंच्या विहारांतच गिरिजात्मज गणपति विराजमान झाला आहे, आणि कार्ल्यास चैत्यगृहाच्या अगदीं समोर एकवीरा देवीचें देऊळ आहे. सह्याद्रींतील अनेक लेणीं अशाच रीतीनें नव्या दैवतांच्या आश्रयानें टिकलीं. जेथें दिवा लागत राहिला तेथें गुहेची झाडलोट झाली. जेथें लागला नाहीं तेथें वटवाघळें व गाळ.

ह्या उत्तरकालीन वहिवाटीचा एक निश्चित कालदर्शक येथें आहे. एका लेखांत शके १३६१, सिद्धार्थी संवत्सर असा काल दिला आहे. अशा लेखांची परीक्षा करण्याची सोपी रीत नवशिक्या संग्राहकांसाठीं येथें देतों. शकाच्या आंकड्यांत १२ मिळवावे व बेरजेस ६० नीं भागावें. बाकी राहील तो प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. १३६१ व १२ मिळून १३७३. ६० नीं भागतां बाकी ५३. त्रेपन्नावा संवत्सर सिद्धार्थी. म्हणजे शक व संवत्सर जुळतात, वर्ष इ. स. १४३९-४० हें ठरतें. त्या वेळीं दक्षिणेंत बहामनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद राज्य करीत होता. तेव्हां बहामनी अमदानींत हें स्थान निर्जन नसून लोकांच्या येण्याजाण्यांत होतें, एवढें ह्या लेखानें सिद्ध होतें.

हीच रीत चिंचवडच्या लेखास लावून पाहावी. मोरया गोसावी ह्यांच्या समाधिमंदिरावरील लेखांत काम शके १५८०, विलंबी संवत्सरीं सुरू होऊन पुढील विकारी संवत्सरीं पुरें झाल्याचें सांगितलें आहे. १५८० व १२ मिळून १५९२, बाकी ३२, बत्तिसावा संवत्सर विलंबी, तेहेतिसावा विकारी. हिशेब चोख. चिंचवडची समाधि जमिनीखालील गुहेंत असून मंदिर तिच्यावर उभें आहे. म्हणजे आमच्या ह्या टापूंत गुहा हें तपाचें व समाधीचें स्थान ही कल्पना सतराव्या शतकांतही पूर्ण जिवंत होती.

(८) तुकाराममहाराज व शेजारचे डोंगर

घोरावडेश्वराचें नांव आज लोकांच्या तोंडीं आहे तें मुख्यत्वें तुकाराममहाराजांमुळें. देहूच्या परिसरांतील तीन डोंगर त्यांच्या एकांतवासाचे म्हणून वारकरी मानतात : भंडारा, भामचंद्र व घोरावडेश्वर. येथील एका लेण्यांत विठ्ठल-रखुमाईची स्थापना आहे, आणि महाशिवरात्रीस घोरावडेश्वराची जत्रा भरते. एकाच कड्यांत शैव व वैष्णव शेजारीं नांदतात.

ह्या परंपरेचा तौल संशोधकानें नीट ठेवला पाहिजे. भामचंद्राचा, म्हणजे भामगिरीचा, उल्लेख महाराजांच्या नांवें गाथेंत असलेल्या अभंगांत आहे; तेथें वाङ्मयीन आधार मिळतो. घोरावडेश्वराविषयींचा आधार मुख्यतः परंपरेचा आहे. परंपरा त्याज्य नव्हे; देहूपासूनचें अंतर, डोंगराचा एकांत व त्या काळीं स्थान वहिवाटींत असणें ह्या तिन्ही गोष्टी तिला अनुकूल आहेत. मात्र अभंगाची साक्ष व सांगीवांगीची साक्ष ह्यांस एकाच तागडींत घालूं नये.

भामचंद्राचा डोंगर चाकणच्या पश्चिमेस. तेथील गुहेंत शिवलिंग आहे. आज चाकणच्या औद्योगिक क्षेत्राची हद्द ह्या डोंगराच्या पायथ्याच्या गांवांपर्यंत पोंचली आहे. ज्या चाकणच्या भुईकोटास, संग्रामदुर्गास, इ. स. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध झुंजविलें, त्याच्या तटबंदीची आजची अवस्था पाहिली म्हणजे डोंगरांतील गुहांचें भवितव्य काय असूं शकतें ह्याची कल्पना येते. दगड टिकाऊ असतो हें खरें. पण खडी करण्याचा दगडही तोच असतो.

(९) पाताळेश्वराशीं तुलना

पुण्यांत खुद्द शहराच्या मध्यभागीं, जुन्या भांबुर्ड्याच्या हद्दींत, जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचें लेणें आहे. त्याच्या सभोंवतीं बाग आहे. नगराच्या उद्यानांतील गुहा हे शब्द त्यास अक्षरशः लागू पडतात. तें आठव्या शतकांतील, राष्ट्रकूटकालीन मानतात. त्याच शतकांतील पहिल्या कृष्णराजाच्या शके ६९० च्या तळेगांव ताम्रपटांत पूनक विषयाचा, म्हणजे पुण्याच्या परगण्याचा, निर्देश आहे.

दोहोंतील भेद उद्बोधक आहे. शेलारवाडीचें लेणें उभ्या कड्यांत आडवें शिरलें आहे. पाताळेश्वराचें सपाट भूमींत खालीं उतरून मग आंत गेलें आहे, म्हणून त्याचें नांव पाताळेश्वर. शेलारवाडीस खांबांवांचून दालन. पाताळेश्वरास जाड चौकोनी खांबांच्या ओळी व मागें तीन गर्भगृहें. शेलारवाडीस आराधनेची वस्तु म्हणजे अखंड खडकांतील स्तूप. पाताळेश्वरास अंगणांत अखंड खडकांतीलच वर्तुळाकार नंदीमंडप, छत्रीसारख्या छताचा. पहिलें भिक्षूंच्या राहण्यासाठीं; दुसरें केवळ देवतेसाठीं. पाताळेश्वराचें काम अर्धवट राहिलेलें असल्यानें पाथरवटाची पद्धति अभ्यासण्यास तें विशेष उपयोगी पडतें. पुण्यांतील विद्यार्थ्यानें आधीं शेलारवाडी व मग पाताळेश्वर अशा क्रमानें पाहिल्यास सहाशें वर्षांत लेणें कसें पालटलें हें एका दिवसांत कळेल.

(१०) कर्तव्य

आतां शेवटचा व निकडीचा मुद्दा. लेण्यास शत्रूपेक्षां भक्त व हौशी ह्यांच्याकडून अधिक धोका असतो. श्रद्धेनें दिलेला तैलरंग अक्षरांच्या खांचा भरून टाकतो. स्वच्छतेसाठीं लावलेला चुना व सिमेंट ओल अडवून धरतात. त्यायोगें दगडाचा पापुद्रा सुटतो व त्याबरोबर लेखही. भिंतीवर आपलें नांव कोरणारा तरुण सिअगुटणिकेनें केलें तेंच आपण करतों असें समजत असेल; पण तिनें नांव घालण्यापूर्वीं लेणें दिलें होतें, हा भेद आहे. भक्तांस दोष देऊन कार्यभाग होणार नाहीं. त्यांच्याच वहिवाटीमुळें हें स्थान जिवंत राहिलें. त्यांस छताचा अवशेष व भिंतीवरील अक्षरें दाखवून अर्थ सांगितला तर तेच उत्तम राखणदार होतील.

आमच्या वाचकवर्गाकडून तीन कामें व्हावींत. पहिलें, ह्या डोंगरावरील प्रत्येक लेखाची, मग तो ब्राह्मी असो वा देवनागरी, तिरप्या प्रकाशांत छायाचित्रें घेऊन तीं तारखेनिशीं जपून ठेवावींत. ओल्या कागदाचा ठसा घेणें हें शिकलेल्या हाताचें व परवानगीचें काम आहे; झिजलेल्या दगडावर तें हौसेनें करूं नये. दुसरें, ज्यांच्या संग्रहीं मावळ व चाकण ह्या भागांतील रुमाल आहेत, विशेषतः तळेगांवकर दाभाडे, चिंचवड संस्थान व देहू ह्यांच्याशीं संबद्ध कागद, त्यांनीं घोरावडेश्वराच्या दिवाबत्तीची सनद, पुजाऱ्यांचे महजर, जत्रेच्या खर्चाच्या नोंदी ह्यांचा शोध करावा. शके १३६१ चा लेख व आजची जत्रा ह्यांमधील पांच-सहा शतकांची सांखळी जोडण्याचें साधन मोडी कागदांतच मिळण्याजोगें आहे. नांवाचीं वर दिलेलीं सर्व रूपें शोधतांना ध्यानांत असूं द्यावींत. तिसरें, परिसरांतील शेतांची, ओढ्यांची व ओसाड गांवठाणांची जुनीं नांवें लिहून काढावींत. जमिनी विकल्या जाऊन कारखाने व इमारती उभ्या राहिल्या कीं शेताचें नांव प्रथम नाहींसें होतें, आणि धेनुकाकटासारख्या गांवाचा माग लागावयाचा तर तो अशाच एखाद्या नांवांतून लागेल.

राजवाड्यांच्या पुढाकारानें इ. स. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें त्या वेळीं साधनें नष्ट होण्याचीं कारणें वाळवी, ओल व अज्ञान हीं होतीं. आज त्यांत वेगाची भर पडली आहे. कागद घरांतून उचलून सुरक्षित जागीं नेतां येतो. लेणें उचलतां येत नाहीं. तें जेथें आहे तेथेंच वाचलें पाहिजे, ह्या शब्दाच्या दोन्ही अर्थांनीं.